सुगरणीचं घरटं आणि गेलेली नोकरी

भात पोटरीला आलं की आपल्या हरसूल, त्र्यंबक, पेठच्या बाजूला एक देखावा हमखास दिसतो. विहिरीवर वाकलेली शिंदी नाहीतर बाभूळ, आणि तिला लोंबकळणारी दहावीस घरटी. खाली पाणी, वर वारा, आणि पिवळ्या डोक्याचे पक्षी भाताच्या पात्याची लांबच लांब चीर चोचीत धरून ये-जा करताहेत. आपण सगळ्या त्यांना सुगरण म्हणतो. बहिणाबाईंच्या खोप्याच्या कवितेमुळे तर हा पक्षी शाळेपासून आपल्या ओळखीचा. घर बांधणारी, पिलांसाठी जीव टांगणारी बाई, असंच त्याचं चित्र आपल्या मनात असतं.

तर मैत्रिणींनो, आधी एक गंमत सांगते. हे घरटं बाई बांधतच नाही. बुवा बांधतो! पिवळं डोकं असतं ते नराचं. विणकाम सगळं त्याचं. मादी येते ती घर बघायला, जसं आपण मुलीचं लग्न ठरवताना मुलाकडचं घर बघायला जातो ना, तस्सं. आत शिरते, टोचून बघते, ओढून बघते. पसंत पडलं तर राहते, नाही तर सरळ दुसऱ्याच्या दारात. नापसंत झालेलं घरटं तसंच अर्धवट लोंबत राहतं. पुढच्या वेळी विहिरीवर गेलात तर बघा, त्या झुंबरांमध्ये कितीतरी अर्धीच असतात.

हा सगळा संसार बारकाईनं पाहून ज्यांनी शास्त्राच्या भाषेत मांडला ते डॉ. सालिम अली. पक्ष्यांचे डॉक्टर म्हणून त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात असतं, फोटोतली पांढरी दाढी आणि गळ्यातली दुर्बीणही आठवत असेल. पण सुगरणीचा हा अभ्यास त्यांनी केला कधी, तर हातची नोकरी गेली तेव्हा. म्युझियमकडे पैसे नाहीत म्हणून त्यांचं पदच काढून टाकलं होतं. आज मला सांगायची आहे ती ही गोष्ट.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. घर सुलेमानी बोहरा, भावंडं पुष्कळ, आणि सालिम सगळ्यांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. पोरकी झालेली ही भावंडं मामांकडे, अमिरुद्दीन तय्यबजींकडे, खेतवाडीत वाढली. मामा आणि मामी हमीदा बेगम यांना स्वतःचं मूल नव्हतं. त्या माउलीनं परक्या आईची इतकी मुलं आपली म्हणून वाढवली. चरित्रांमध्ये तिच्याबद्दल दोन-तीन ओळींच्या वर काही सापडत नाही, ते एक सोडा.

मामा शिकारी होते. भाच्याच्या हातात लहानपणीच छर्‍याची बंदूक आली. त्या काळात त्यात वावगं काही नव्हतं. घराजवळ चिमणीचं घरटं होतं. बाहेर पहारा देणारा नर या मुलानं टिपला, तर मादीनं दुसरा नर आणला. तोही टिपला, तिसरा हजर. सात दिवसांत आठ नर गेले आणि मादीचा संसार काही थांबला नाही. दुसऱ्या एखाद्या मुलानं हे विसरूनही टाकलं असतं. यानं वहीत लिहून ठेवलं, आणि ते टिपण कितीतरी वर्षांनी छापलंही गेलं.

असंच एकदा, दहाएक वर्षांचे असताना, त्यांनी पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी? मामांना सांगता येईना. पण मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला सोसायटीच्या कचेरीत पाठवलं. तिथले सचिव मिलर्ड नावाचे इंग्रज गृहस्थ. त्या काळचा साहेब म्हणजे दारातूनच हाकलेल, असं वाटून मुलगा घाबरलेला. पण मिलर्ड यांनी त्याला आत नेलं, कपाटांचे खण उघडून दाखवले. खणाखणांत पेंढा भरलेले पक्षी, प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी, त्यावर नाव, गाव, तारीख. त्या खणांनीच मुलाचं आयुष्य ठरवलं म्हणायला हरकत नाही.

ही सोसायटी १८८३ मध्ये मुंबईत आठ जणांनी सुरू केली. आठांत दोन आपले, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. यातले सखाराम अर्जुन म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील, हे आपल्या वाचक मैत्रिणींना मुद्दाम सांगावंसं वाटतं.

शाळेत सालिम यांचं मन कधी लागलं नाही. डोकेदुखीनं हैराण, शिक्षण मध्येमध्ये थांबलेलं. १९१३ मध्ये मॅट्रिक कसेबसे पास झाले. कॉलेजचं पहिलं वर्ष जड गेलं म्हणून ते सोडून ब्रह्मदेशात तवाय इथे घरच्या खाणी आणि लाकडाच्या धंद्यावर गेले. धंदा त्यांना कधी जमला नाही, जंगलात हिंडण्यात मात्र कसूर झाली नाही. १९१७ मध्ये परत येऊन मुंबईला हिशेबाचा आणि व्यापारी कायद्याचा कोर्स घेतला. तिथे सेंट झेवियर्स कॉलेजच्या फादर ब्लॅटर यांनी त्यांची आवड ओळखली आणि प्राणिशास्त्र शिकायला लावलं. सकाळी जमाखर्च, नंतर प्राणी, असं वर्षभर चाललं. पदवी मात्र हाती आली नाही.

१९१८ च्या डिसेंबरात त्यांचं लग्न झालं, नात्यातल्याच तेहमिनाशी. ती इंग्लंडमध्ये शिकलेली, सुखवस्तू घरातली. ती यांच्याबरोबर तंबूत राहिली, बैलगाडीतून रानावनात फिरली. सालिम अलींच्या इंग्रजीचं आजही कौतुक होतं. ते वळण आपल्याला बायकोमुळे लागलं, असं ते स्वतः मानत. आपल्याकडे असं कबूल करणारे नवरे किती, ते ज्याचं त्यानं मोजावं.

ब्रह्मदेशातला धंदा बसला. मुंबईला परतल्यावर नोकरी शोधायला सुरुवात झाली. सरकारी प्राणिशास्त्र खात्यात पक्षीतज्ज्ञाची जागा होती, पण पदवी नाही म्हणून दार बंद. शेवटी १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये काम मिळालं. आज आपण ज्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतो तेच. तिथे निसर्ग इतिहासाचं दालन नवं होतं. काचेमागे रानाचा देखावा उभा करून त्यात खरे वाटावेत असे पक्षी, प्राणी मांडलेले. येणाऱ्यांना आणि शाळेच्या मुलांना ते समजावून सांगायचं, हे सालिम अलींचं काम. हुद्दा गाईड लेक्चरर, पगार महिना ३५० रुपये. तिशीच्या माणसासाठी त्या काळी ही चांगलीच नोकरी.

दोन वर्षांत त्यांच्या लक्षात आलं, की पक्षी दाखवता येतात पण त्यांचं शास्त्र आपल्याला पुरेसं येत नाही. लंडनच्या म्युझियमकडून उत्साहाचं उत्तर आलं नाही. बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र म्युझियममधले प्रोफेसर स्ट्रेसमान यांनी मात्र या म्हटलं. अभ्यासरजा घेऊन सालिम अली जर्मनीला गेले. तिथे पुन्हा तेच खण, तेच पायाला चिठ्ठ्या बांधलेले पक्षी. पण आता त्या चिठ्ठ्या वाचायच्या कशा, पंखाची लांबी का मोजायची, एकाच जातीचा पक्षी उत्तरेला फिका आणि दक्षिणेला गडद का होतो, हे सगळं ते शिकले. पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून त्यांचा प्रवास शोधायची रीतही तिथेच पाहिली.

आणि १९३० मध्ये परत येऊन बघतात तर काय, जागाच नाही! पैसे नाहीत म्हणून गाईड लेक्चररचं पद रद्द झालेलं. जगभर मंदी सुरू झाली होती, सगळीकडे खर्चाला कात्री लागत होती. आणि कात्री लावताना आधी हात जातो तो कुठे, हे आपल्याला घरच्या अनुभवावरून ठाऊक आहे. दूध थांबत नाही, वीजबिल थांबत नाही. मुलीचा गाण्याचा क्लास थांबतो. म्युझियमच्या हिशेबात पक्षी समजावून सांगणारा माणूस म्हणजे गाण्याचा क्लास.

विचार करा. वय चौतीस. परदेशात शिकून आलेला, देशात त्या तोडीचं शिक्षण घेतलेला दुसरा माणूस नाही म्हटलं तरी चालेल, आणि हातात काम नाही. मुंबईचा खर्च झेपेना. तेहमिना आणि ते मुंबईपलीकडे, अलिबागजवळ किहीम नावाच्या समुद्राकाठच्या गावी नातेवाइकांच्या घरी जाऊन राहिले. गावात चार लोकांनी विचारलं असेल, सध्या काय करता? काय सांगितलं असेल त्यांनी? मला तर राहून राहून तेहमिनाचं वाटतं. माहेरी काय सांगितलं असेल तिनं?

पाऊस सुरू झाला आणि घराजवळच्या झाडांवर सुगरणींची लगबग सुरू झाली. सालिम अली तिथे आडोसा करून तासन्‌तास बसू लागले. रोज. कुठला नर कुठलं घरटं बांधतो, मादी कधी आली, कधी गेली, सगळं वहीत. महिन्यांनी जे समोर आलं ते तोवर कुणी असं सलग पाहिलेलं नव्हतं. नर घरटं अर्धं विणतो, घंटेसारखं, आत एक आडवी दांडी. तिथं थांबतो. मग माद्यांचा घोळका येतो, हे पंख फडफडवून, ओरडून आपलं घर दाखवतात. एखादीनं पसंत केलं की मगच पुढचं काम, अंड्यांची खोली, येण्या-जाण्याची लांब नळी. ती अंड्यांवर बसली की हा मोकळा. लगेच शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो, दुसरीला दाखवतो. जमलं तर तिसरंही. अंडी उबवणं तिच्या एकटीच्या नावावर. (म्हणजे घर बांधण्याचं श्रेय त्याचं खरं, पण रात्रीची जागरणं कुणाची, ते कळलंच असेल.) हा अभ्यास १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि जगभरच्या पक्षीशास्त्रज्ञांना सालिम अली हे नाव कळलं.

आता कुणी म्हणेल, मग झालं की चांगलंच, नोकरी गेली म्हणून तर हे घडलं. मला हे पटत नाही. किहीमला डोक्यावर फुकटचं छप्पर होतं, सोबत तेहमिनासारखी बायको होती, म्हणून ते निभावलं. ज्यांना असं घर नव्हतं, असे कितीजण त्याच सुमारास जमाखर्चाच्या नोकरीला लागले असतील आणि त्यांच्या वह्या कोऱ्या राहिल्या असतील, त्यांची नावं आपल्याला कुठून कळणार?

पुढे सालिम अलींनी एक वेगळाच मार्ग काढला. त्या वेळी संस्थानं होती. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, पुढे भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर. प्रत्येक संस्थानाला त्यांनी कळवलं, तुमच्या मुलखातले पक्षी मी शोधून, नोंदवून देतो, मला पगार नको, फक्त फिरण्याचा आणि राहण्याचा खर्च द्या. म्हणजे देशातल्या उत्तम पक्षीतज्ज्ञानं बिनपगारी काम केलं. या सगळ्या मुक्कामांत तेहमिना बरोबर होती. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर ती अचानक गेली. लग्नाला एकवीस वर्षंही पुरी झाली नव्हती, मूलबाळ नव्हतं. सालिम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांनी त्यांना मुंबईत आपल्या घरी आणलं, आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं तेच त्यांचं घर झालं. १९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक निघालं. साध्या माणसाला खिडकीतून दिसलेला पक्षी ओळखता यावा असं, चित्रांसह. त्याच्या आवृत्त्या अजून निघतात. अमेरिकेचे डिलन रिप्ली यांच्या जोडीनं लिहिलेला दहा खंडांचा मोठा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात आला.

स्वातंत्र्यानंतर सोसायटीवरच पाळी आली. साहेब लोक मायदेशी गेले, वर्गण्या आटल्या, कपाटांतल्या त्या हजारो नमुन्यांचं करायचं काय? तेव्हा सालिम अलींनी थेट पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं आणि मदत मिळवली. संस्था वाचली. पुढे वन्यजीवांसाठीचा गेटी पुरस्कार मिळाला तेव्हा ती मोठी रक्कमही त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीला दिली. ज्याला पदवी नाही म्हणून नोकरी नाकारली होती, त्याच्या हाताखाली मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी एम.एस्सी., पीएच.डी. करू लागले. पहिले विद्यार्थी व्ही. सी. आंबेडकर, आणि त्यांचा विषय? सुगरण!

तुम्ही म्हणाल, पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या कपाटांसाठी एवढी धडपड कशाला? मलाही आधी असंच वाटायचं. मी शिकले त्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या खोलीत बरण्या होत्या, साप, विंचू, वटवाघूळ. फॉर्मालिन आणायला पैसे नाहीत म्हणून बरण्यांतलं पाणी दरवर्षी खाली जायचं. एका सुट्टीनंतर गेलो तर बरण्या नव्हत्या, तिथे स्टेशनरीचे गठ्ठे होते. आम्हाला वाटलं, बरं झालं, वास गेला.

पण ही दोन उदाहरणं ऐका. इंग्लंडात ससाणे कमी होऊ लागले तेव्हा रॅटक्लिफ नावाच्या शास्त्रज्ञानं म्युझियममधली आणि जुन्या हौशी लोकांची अंडी काढून त्यांची टरफलं तपासली. १९४७ च्या सुमारापासून टरफल एकदम पातळ झालेलं. म्हणजे डीडीटीचा वापर वाढला तेव्हापासून. पक्षी बसला की अंडं फुटायचं. हे १९६७ मध्ये त्यांनी मांडलं, आणि ते कळलं ते केवळ कुणीतरी शंभर वर्षांची अंडी तारीख लिहून खणात ठेवली होती म्हणून.

दुसरं आपल्या शेजारचं, खानदेशातलं. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड. एकोणिसाव्या शतकात डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्यानं शहादा-तळोद्याकडे त्याचे नमुने गोळा केले, शेवटचा १८८४ चा. त्यानंतर तो पक्षी कुणाला दिसला नाही. सालिम अलींनीही शोधला, सापडला नाही. घोटाळा असा होता, की मायनर्ट्‌झहागन नावाच्या एका बड्या साहेबानं म्युझियममधला जुना नमुना चोरून त्यावर १९१४ ची आणि गुजरातची खोटी चिठ्ठी लावली होती. लोक भलतीकडेच शोधत राहिले. पामेला रासमुसेन या बाईंनी जुने नमुने शिवणीपर्यंत उसवून तपासले, ही चोरी पकडली, खरी गावं शोधून काढली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात सहकाऱ्यांसह हा पक्षी जिवंत बघितला. एकशे तेरा वर्षांनी! कपाट नसतं तर पक्षीही हरवलेलाच राहिला असता.

गिधाडांचं तर आपण डोळ्यांनी पाहिलं. मेलेल्या जनावरावर तुटून पडणारी गिधाडं आमच्या लहानपणी होती, मग दिसेनाशी झाली. जनावरांना द्यायचं डायक्लोफिनॅक औषध त्यांच्या जिवावर उठलं, हे २००४ मध्ये सिद्ध झालं, आणि २००६ मध्ये आपल्याकडे त्यावर बंदी आली. सोसायटीच्या जुन्या नोंदी नसत्या तर पूर्वी किती होती, हेच सांगता आलं नसतं. हरसूलजवळच्या खोरीपाड्याला वनखात्यानं गावकऱ्यांच्या मदतीनं गिधाडांसाठी मेलेली जनावरं टाकण्याची जागा सुरू केली, ती त्यानंतरचीच गोष्ट.

आणि कात्री अजून चालूच आहे. ब्राझीलमध्ये रिओच्या विद्यापीठाचं दोनशे वर्षांचं राष्ट्रीय म्युझियम २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री जळून गेलं. दोन कोटींच्या आसपास वस्तू, त्यातल्या बहुतेक गेल्या. देखभालीचे पैसे वर्षानुवर्षं कमी होत आले होते. अमेरिकेत ड्यूक या श्रीमंत विद्यापीठानं २०२४ मध्ये आठ लाखांहून जास्त वाळवलेल्या वनस्पतींचा आपला संग्रह बंद करायचा ठरवलं. कारण तेच, परवडत नाही.

सालिम अली २० जून १९८७ रोजी गेले. वय नव्वद. तोवर पद्मविभूषण, राज्यसभा, तीन विद्यापीठांच्या मानद पदव्या, सगळं झालं होतं. भरतपूरचं पाणपक्ष्यांचं रान आणि केरळचं सायलेंट व्हॅली वाचवण्यातही त्यांचा हात होता.

मुंबईला कधी जाणं झालं, तर गेटवे बघून झाल्यावर जरा चालत त्या म्युझियममध्ये जा. निसर्ग इतिहासाचं दालन आहे, काचेमागचे देखावे आहेत. शेजारीच हॉर्नबिल हाऊस, सोसायटीची इमारत. तिथल्या कपाटांत लाखाहून जास्त नमुने आहेत, पायाला चिठ्ठ्या बांधलेले. मुलांना बरोबर न्या. समजावून सांगायला कुणी भेटलं नाही, तर सुगरणीचा नर कोणता ते आता तुम्हीच सांगू शकाल.